माळवाडीचा प्लुटो

“सगळे गोळे एका मापाचे पायजेत,” आबासाहेब म्हणाले. “गुंजभर फरक चालायचा न्हाय.”

मी शाळेच्या ऑफिसात टेबलावर ड्रॉइंग पसरून बसले होते. ड्रॉइंगमधला गुरू कवेत जेमतेम मावेल एवढा होता आणि बुध सुपारीएवढा. आबासाहेबांनी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

“साहेब, ग्रह एका मापाचे नसतात,” मी म्हटलं.

“आकाशात नसतील. ह्या गावात असत्यात.”

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात पॅटर्नचं शॉप आहे. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे जी पोकळी राहते तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. झालं कास्टिंग. शॉप आणि मागची ॲल्युमिनियमची छोटी भट्टी वडिलांची, आता मी चालवते. रोजचं काम पंपाच्या बॉड्यांचं आणि व्हॉल्व्हचं. अजूनही नवं गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बघून विचारतं, “मालक कुठं हायत?” मी म्हणते, “तुम्ही बसलाय की त्यांच्यासमोरच.” मला एक खोड आहे. ड्रॉइंग चुकलेलं असेल तर माझा हात चालत नाही. वडील म्हणायचे, या पोरीला गिऱ्हाइकापेक्षा माप प्यारं.

तर हे गाव कोडोलीच्या अंगाला. नाव सांगत नाही, कारण त्या लोकांशी मला अजून बोलायचं आहे. शाळेला आवारात सूर्यमाला हवी होती. ॲल्युमिनियमचे ग्रह, प्रत्येकाखाली खांब आणि खांबावर पाटी. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे, पण शाळेसाठी उन्हातान्हात फिरणारा माणूस. त्यांनी युक्ती काढली होती की गावात गल्ल्या नऊ आणि ग्रह नऊ, तर प्रत्येक गल्लीने एक ग्रह द्यायचा आणि पाटीवर गल्लीचं नाव घालायचं.

कुठला ग्रह कुणाचा हे ठरवायला गावच्या रिवाजाप्रमाणे देवीच्या देवळात चिठ्ठ्या काढल्या. त्या गावात यात्रेतल्या मानापासून पाण्याच्या पाळीपर्यंत सगळं असंच ठरतं. पितळी घागरीत चिठ्ठ्या टाकायच्या, देवीसमोर काढायच्या, आणि एकदा निघालेली चिठ्ठी कुणी फिरवायची नाही. भाऊ भावाचं ऐकणार नाही, पण घागरीचं ऐकतो. ग्रहांच्या चिठ्ठ्या लिहिल्या शाळेच्या हेडक्लार्कनी, स्वतः शाळेत पाठ केले होते तसे, बुधापासून प्लुटोपर्यंत. त्यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नऊ गल्ल्या, नऊ चिठ्ठ्या, हिशेब बरोबर.

पाटील गल्लीला बुध निघाला. आबासाहेब पाटील गल्लीचे. आता माझ्या ड्रॉइंगवरचा सुपारीएवढा बुध बघून त्यांना एका मापाचे गोळे का हवे झाले, ते लक्षात आलं असेल.

खरं तर एका मापाचे गोळे म्हणजे माझ्या फायद्याचं काम होतं. एकच पॅटर्न करायचा आणि तोच पुन्हा पुन्हा वाळूत दाबायचा. पण बुध आणि गुरू एका मापाचे करायचे म्हणजे पोरांना सांगायचं की सुपारी आणि कलिंगड सारखंच. मी म्हटलं, “साहेब, मला हे जमणार नाही. दुसरं कुणी बघा.”

“आवं ताई, तुमी लगेच उठतासा कशाला? बसा की,” आबासाहेब म्हणाले. मग दाराकडे तोंड करून ओरडले, “मगदूम बाईस्नी बोलवा!”

मगदूम बाई शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षिका. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, पण एकदा म्हटलेलं वाक्य मागे न घेणाऱ्या. सूर्यमालेची मूळ कल्पना त्यांची होती आणि ड्रॉइंगवरची मापं त्यांनीच मला काढून दिली होती, प्लुटोचं तेवढं मी घातलं होतं. त्या आल्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि आबासाहेबांना म्हणाल्या, “साहेब, बुध लहान आहे खरा. पण सूर्यापासून पहिला तोच. बाकीचे सगळे त्याच्या मागे.”

आबासाहेबांचा चेहरा जरा सैल झाला. “म्हंजे सूर्याच्या मांडीला मांडी लावून?”

“तसंच.”

“मग बारका असंना का. मान पहिला हाय न्हवं?”

मी मनात म्हटलं, सुटले. मापांचा प्रश्न मिटला. पण बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. त्यांनी ड्रॉइंगवरच्या शेवटच्या ग्रहावर बोट ठेवलं. “ही चिठ्ठी घागरीत टाकण्याआधी मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. प्लुटोला आता ग्रह धरत नाहीत. ग्रह आठच. आमच्या पुस्तकातही आठच आहेत.”

ऑफिसात एकदम गलका झाला. बैठकीला प्रत्येक गल्लीतून आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती, ती उठून उभी राहिली. आबासाहेब म्हणाले, “बाई, ह्याच शाळंत आमास्नी नऊ शिकिवलंय. न्हाय सांगितलं की छड्या खाल्ल्यात. आता म्हंतासा आठ?”

बाईंनी शांतपणे सांगितलं. दोन हजार सहा साली जगभरचे खगोलशास्त्रज्ञ एका परिषदेत जमले आणि ग्रह कशाला म्हणायचं याच्या तीन अटी त्यांनी ठरवल्या. पहिली, तो सूर्याभोवती फिरला पाहिजे. दुसरी, स्वतःच्या वजनाने तो गोल झालेला पाहिजे. तिसरी, त्याने आपल्या वाटेवरचं बाकीचं सगळं साफ केलेलं असलं पाहिजे. म्हणजे त्या वाटेवर त्याच्या तोलाचं दुसरं कुणी असता कामा नये. प्लुटो पहिल्या दोन अटींत पास होतो, तिसरीत नापास. त्याच्या वाटेवर त्याच्यासारखे बर्फाळ गोळे पुष्कळ आहेत. म्हणून त्याला बटुग्रह म्हणतात.

मला हे लगेच कळलं, कारण आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. काल पास होणारा माल आज नापास होतो, कारण कंपनीने स्पेक बदललेलं असतं. स्पेक म्हणजे माल कसा असावा याच्या अटींचा कागद. कास्टिंग तेच असतं. धातू तोच, वजन तेच. बदलतो तो कागद.

आबासाहेबांनी ऐकलं, मिशीवर हात फिरवला आणि सावकाश हसले. ते हसू मला आवडलं नाही.

“म्हंजे शास्त्रच म्हंतंय, आठ,” ते म्हणाले. “मग आठच करा. आठ गल्ल्या, आठ ग्रह. माळवाडीला कडंला एक बाकडं देऊ. त्यावर नाव घाला त्यांचं.”

इथे माळवाडीबद्दल सांगायला हवं. गावच्या आठ गल्ल्या गावठाणात, एकमेकींना लागून. माळवाडी ओढ्यापलीकडे, माळावर. ती गल्ली की वाडी, हा त्या गावातला जुना वाद. यात्रेत प्रत्येक गल्लीला देवीसमोर नारळ फोडायचा मान असतो. माळवाडीला तो नव्हता, कारण म्हणे ती गल्लीच नव्हे. माळवाडीची माणसं वर्षानुवर्षं भांडली आणि अलीकडे कुठे त्यांना शेवटचा नारळ मिळाला. तेव्हापासून गावात नऊ गल्ल्या म्हणतात. तरी बोलताना अजून तोंडातून निघतं ते “आठ गल्ल्या आन माळवाडी”. घागरीतून त्यांना प्लुटो निघाला तेव्हा सगळं देऊळ हसलं होतं. सगळ्यात लांबचा, सगळ्यात बारका, आणि तो बरोबर माळवाडीलाच.

माळवाडीकडून गणपा अण्णा आले होते. ओढ्यापलीकडची दूधसंस्था ते बघतात. सत्तरीचे, काटक, डोक्याला पांढरा पटका. ते गलक्यातही बसूनच होते. आता उठले, चपला घातल्या.

“बाकडं कशाला? आमी उभंच ऱ्हातो की. सवं हाय आमास्नी,” ते म्हणाले आणि निघून गेले.

खोलीत कुणीतरी हसलं. मला राग आला, आणि तो मी लपवलाही नाही. “साहेब, ऑर्डर नऊ नगांची आहे. मी आठ ओतणार नाही,” म्हटलं आणि ड्रॉइंगची गुंडाळी करून बाहेर आले.

मगदूम बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते. “मी खरं तेच सांगितलं हो,” त्या म्हणाल्या. “नऊ ग्रह आहेत असं मी पोरांना खोटं कसं सांगू? पण माझ्या खऱ्याची त्यांनी काठी केली आणि त्या म्हाताऱ्याच्या पाठीत घातली.”

“मग खोटं न सांगता काठी काढून घेऊ,” मी म्हटलं. म्हटलं खरं, पण कशी ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. एवढंच ठरवलं होतं की पाटीवर खोटं लिहायचं नाही आणि माळवाडीला बाहेर ठेवायचं नाही.

आम्ही दोघी माझ्या स्कूटरवरून माळवाडीला निघालो. शाळेचं गेट, पुढे ग्रामपंचायत, गिरणी, मग ऊस, मग ओढा. ओढ्यावर पूल नाही, फरशी आहे, म्हणजे पाण्यावरून जाणारा बुटका सिमेंटचा रस्ता. पलीकडे चढ आणि चढावर घरं. उतरताना मी सवयीने मीटर बघितला. शाळेपासून किलोमीटरभर.

गणपा अण्णा दूधसंस्थेच्या ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत, पण आत बघून म्हणाले, “च्या टाका. पावणं आल्यात.”

बाईंनी सरळ विषय काढला. हे मला त्यांचं आवडलं. “अण्णा, प्लुटोला ग्रह म्हणत नाहीत हे खरं आहे. ते मी तुमच्यासाठीही बदलू शकत नाही.”

“तुमाला कोण बदला म्हंतंय?” अण्णा म्हणाले. “पर मला एक सांगा. त्यो फिरायचा थांबलाय का?”

“नाही. फिरतोय की.”

“गोल हाय का चपटला?”

“गोल आहे.”

“मग ठरिवलं कुणी?”

“परिषदेत मतदान झालं. जगभरचे शास्त्रज्ञ होते.”

“झाडून सगळं आलतं?”

“नाही. शेवटच्या दिवसापर्यंत थांबले त्यांनी हात वर केले. बरेच जण आधीच घरी गेले होते.”

“आन प्लुटोकडनं कोण गेलतं?”

बाई हसल्या, पण अण्णा हसत नव्हते. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

“अण्णा, त्यावर अजून वाद आहे,” बाई म्हणाल्या. “पुष्कळ शास्त्रज्ञांना ती तिसरी अट पटलेली नाही. ते म्हणतात, सूर्यापासून इतक्या लांब वाट एवढी मोठी होते की ती साफ करणं कुणालाच जमायचं नाही. आपली पृथ्वी उचलून प्लुटोच्या जागी ठेवली तर तीसुद्धा नापास होईल.”

अण्णांनी बशी खाली ठेवली. “परत एकदा सांगा.”

बाईंनी परत सांगितलं.

“म्हंजे दोष प्लुटोचा न्हाय,” अण्णा सावकाश म्हणाले. “जागंचा हाय.”

“असं ते म्हणतात. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ही अट काढली तर ग्रह शेकड्यांनी होतील, कारण तसले गोळे अजून सापडतच आहेत. त्यांचंही खरं आहे. पूर्वी सेरेस नावाचा एक गोळा सापडला, त्यालाही कितीतरी वर्षं ग्रह म्हणत होते. मग त्याच्या आजूबाजूला तसलेच आणखी सापडायला लागले आणि त्याला यादीतून काढलं.”

“मग प्लुटोच्या शेजाराला आणि कोण कोण हाय?”

बाईंनी एरिस, हौमिआ, माकेमाके अशी नावं सांगितली. अण्णांनी एक एक नाव तोंडात घोळवून बघितलं.

“ही तर आख्खी वाडीच हाय की,” ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. “आन त्यात थोरला कोण?”

“आडव्या मापात प्लुटोच.”

मी मधेच विचारलं, “बाई, ग्रहांची मापं तुम्ही काढलीत. अंतरं कुठं काढलीत?” ड्रॉइंगमध्ये नऊच्या नऊ खांब आवारात कुंपणाकडेने सारख्या अंतरावर होते. बाई म्हणाल्या, “अंतरं खरी ठेवली तर आवारात मावत नाहीत. सूर्य ते पृथ्वी पंचवीस मीटर धरलं तर मंगळापर्यंतचे शाळेत बसतात, गुरू गेटच्या बाहेर जातो, आणि प्लुटो…” त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि ओढ्याकडे बघितलं. “प्लुटो साधारण किलोमीटरवर.”

मी स्कूटरच्या मीटरकडे बोट केलं. बाईंना कळलं. अण्णांना कळायला जरा वेळ लागला. मग ते ओट्यावरून उतरले, अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि टाच आपटून म्हणाले, “हितं?”

“तिथंच,” बाई म्हणाल्या.

“आन नेपच्यून?”

“ओढ्याच्या अलीकडे. पण प्लुटोची वाट लांबुडकी आहे अण्णा. फिरता फिरता काही वर्षं तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ येतो.”

“यात्रंला आमी जातो तसं,” अण्णा म्हणाले.

पाटीवर काय लिहायचं ते तिथेच ठरलं. बाईंनी सांगितलं, मी लिहून घेतलं: ‘प्लुटो. बटुग्रह. दोन हजार सहापर्यंत याला नववा ग्रह म्हणत. तो ग्रह आहे की नाही, यावर अजूनही वाद आहे. माळवाडी.’ मला वाटलं, अण्णा ‘बटु’ शब्दावर अडतील. त्यांनी दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “खरं हाय ते लिवा. आमचंबी असंच हाय.” मग आम्ही निघताना हाक मारून म्हणाले, “आबाला सांगा, उद्घाटनाचं जेवाण आमच्याकडं. ग्रह बारका हाय, तेवढं तरी करू द्या.”

आबासाहेबांशी दुसरी बैठक जास्त कडक झाली. खरी अंतरं म्हटल्यावर ते आधी खूश झाले, कारण बुध सूर्यापासून दहा ढांगांवर आला आणि बाकीच्या गल्ल्या लांब लांब गेल्या. पण प्लुटोचं नाव काढताच कागद सरकवला.

“ते मिटलंय. बाकडं देतोय की.”

“साहेब, चिठ्ठी देवीसमोर निघालीय,” मी म्हटलं. “ती फिरवायची असेल तर फिरवा. पण मग देवळात जाऊन सांगायला लागेल, घागर चुकली म्हणून. आणि घागर माळवाडीच्या बाबतीत चुकली असेल तर पाटील गल्लीच्या बाबतीत बरोबर कशावरून? सगळ्याच चिठ्ठ्या परत काढायला लागतील. पहिला नंबर परत तुम्हालाच निघेल याची हमी मी देत नाही.”

भिंतीपाशी बसलेल्या लोकांपैकी कुणीतरी “बराबर हाय” म्हणालं. शनी मिळालेल्या गल्लीचा माणूस तर लगेच म्हणाला, “आमी कडी असलेला ग्रह परत करणार न्हाय.”

“पर पाटीवर ‘वाद आहे’ असं कोण लिवतंय का?” आबासाहेबांनी शेवटचा जोर लावला. “वाद कुणी ओतून ठेवतंय व्हय?”

“खरा असला तर ओततात,” मगदूम बाई म्हणाल्या. “पोरांनी वाचू दे. शास्त्रात सगळं ठरून गेलेलं नसतं, हे त्यांना कधी कळणार?”

आबासाहेबांनी सही केली. करताना म्हणाले, “तुमी दोघी एक झालासा की आमचं काय चालायचं?” तक्रार होती की कौतुक, ते मी विचारत बसले नाही.

मग माझं काम सुरू झालं. ॲल्युमिनियम थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा थोडा मोठा करावा लागतो. गुरू पोकळ केला, दोन अर्धुकं ओतून जोडली. तो पहिल्याच दमात चांगला निघाला. शनीच्या कडीने थोडं छळलं. पण खरं रडवलं ते प्लुटोने. टपोऱ्या हरभऱ्याएवढा तो गोळा. एवढ्याशा पोकळीत धातू पोहोचायच्या आतच थंड होतो आणि गोळा अर्धवट राहतो. आम्ही त्याला मिसरन म्हणतो. दोनदा तसंच झालं. आमचे मोल्डर, म्हणजे साचे भरणारे, रफिकभाई वैतागून म्हणाले, “ताई, रॉड घ्या, लेथवर गोळा काढून देतो, सुट्टी करा.”

लेथवर तो अर्ध्या तासात झाला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण बाकीचे आठ ओतलेले आणि हा एकटा कातून काढलेला? मी म्हटलं, “नाही. आठांसारखाच ओतायचा.” धातू जास्त तापवला, पोकळीकडे जाणारी वाट रुंद केली आणि तिसऱ्यांदा तो पूर्ण उतरला. साच्यातून बाहेर आला तेव्हा फळापेक्षा देठ मोठा दिसत होता. देठ कापला, गोळा घासला आणि तळहातावर घेतला. गुरू झाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद मला तेव्हा झाला.

उद्घाटनाला गाव लोटलं. शाळेच्या मैदानात सूर्य म्हणून चुन्याने आखलेलं मोठं वर्तुळ, शेजारी बुध. आबासाहेबांनी फेटा बांधून पहिला नारळ फोडला. प्रत्येक ग्रहाशी त्या त्या गल्लीचा नारळ आणि मगदूम बाईंचे दोन शब्द, असा क्रम होता. मंगळापर्यंत मंडळी उत्साहात होती. गुरूपाशी वाजंत्री दमली. शनीपर्यंत ऊन चढलं. युरेनसपाशी निम्मी माणसं उसाच्या सावलीला गेली. ओढ्याच्या अलीकडे नेपच्यूनचा नारळ फुटला आणि आबासाहेबांनी फेट्याच्या शेमल्याने घाम पुसला.

“चला, ग्रह संपले,” ते माइकवर म्हणाले. “शास्त्राप्रमाणं आठ. कार्यक्रम संपला असं जाहीर करतो.”

मी बाईंकडे बघितलं. त्या पलीकडे बघत होत्या. चढावर सगळी माळवाडी उभी होती. बायका नवी लुगडी नेसलेल्या, पोरं आंघोळ करून, गणपा अण्णा धुतलेल्या पटक्यात, हातात नारळ घेऊन. नुसती उभी होती. एवढं सगळं करून गाव ओढ्याशी थांबणार होतं.

तेवढ्यात वारा फिरला आणि पलीकडून वास आला. तांबड्या रश्श्याचा.

कुणीतरी विचारलं, “जेवाण कुटं हाय?”

“माळवाडीत,” मी जरा मोठ्यानेच म्हटलं.

मग मात्र कुणाला ऊन लागेना. उसाच्या सावलीतले उठले, वाजंत्री सुरू झाली आणि आठही गल्ल्या ओढ्याच्या फरशीवरून पलीकडे निघाल्या. फरशीवर पाणी होतं. आबासाहेबांनी चपला हातात घेतल्या आणि धोतर वर खोचलं. चढ चढून ते आले तेव्हा धापा टाकत होते. मागून कळलं की या चढावर ते निवडणुकीशिवाय कधी आलेच नव्हते.

अण्णांनी खांबापाशी नारळ फोडला. बाईंनी पाटी वाचून दाखवली, ‘वाद आहे’सकट, एक शब्द न गाळता. आबासाहेबांनी खाली वाकून तो हरभऱ्याएवढा गोळा बघितला. मग अण्णांनी त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. मगदूम बाईंसाठी आणि मटण न खाणाऱ्या सगळ्यांसाठी पुरी-श्रीखंडाची वेगळी पंगत होती, तीही ते विसरले नव्हते.

मी वाढायला उभी होते तेव्हा अण्णा पंगत बघत माझ्याशेजारी येऊन थांबले.

“ताई, आमच्या आज्ज्यापासनं भांडतोय, आमाला गावात घ्या म्हणून,” ते म्हणाले. “आज गाव हितं आलं.”

मग त्यांनी पातेल्यातला डाव उचलला आणि आबासाहेबांच्या ताटात रस्सा वाढायला गेले.

ग्रह कशाला म्हणायचं याच्या अटी तीन. तिसरीवरचं भांडण माझ्या हयातीत मिटेल असं वाटत नाही, आणि ते मिटवणं माझं कामही नाही. पण त्या गावचं काम घेतल्यापासून मी एक शिकले. ऑर्डर आली की माप विचारते, धातू विचारते, तारीख विचारते आणि शेवटी विचारते, जेवण कुठं आहे.